फोटोखालची बारीक ओळ आणि माझी २००-५००

लेन्स घेऊन चार हिवाळे झाले, म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती तक्रार. आता ती कशी चालते आणि कुठे अडते, दोन्ही हाताला ठाऊक झालंय.

माझा इंदापूर तालुक्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो आणि नेमके त्याच सुमाराला उजनी धरणाच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरायला लागतात. त्यामुळे मुहूर्त नसलेला दिवस म्हणजे माझा भिगवणचा दिवस. पौष महिना तर पूर्ण माझा. पौषात लग्नं नसतात, थंडी असते, सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि कुंभारगावच्या काठावर होडी तयार असते. या चार वर्षांत मी तिथे ज्या लेन्सने फोटो काढले ती निकॉनची एएफ-एस २००-५०० एफ ५.६. म्हणजे २०० पासून ५०० एमएमपर्यंत झूम होणारी, लांबचं जवळ आणणारी लेन्स; आकडा जितका मोठा तितकं जवळ. ५.६ हे तिचं पूर्ण उघडं तोंड, आणि हा आकडा वाढला की तोंड लहान होतं. तिच्याबद्दल सांगायचंच आहे, पण ती घेण्याआधी मी सहा वर्षं जे फोटो बघत होतो त्यांच्यापासून सुरुवात केली नाही तर लेन्सचं नीट सांगता येणार नाही.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमतर्फे वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही स्पर्धा भरते. १९६५ पासून चालू आहे, आणि २०२५ साली तिच्यात साठ हजारांहून जास्त फोटो आले होते. या स्पर्धेतल्या फोटोंखाली एक बारीक ओळ असते: कोणती बॉडी म्हणजे कॅमेरा, कोणती लेन्स, शटर किती वेगाचं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं. बहुतेक लोक ती ओळ सोडून देतात. माझी नजर धंद्यामुळे आधी तिथेच जाते.

२०१६ साली शहरी वन्यजीव विभागात मुंबईच्या नयन खानोलकरांचा ‘द अ‍ॅली कॅट’ हा फोटो पहिला आला. आरे कॉलनीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला वारली लोकांची वस्ती आहे. रात्रीची वेळ, घरांमधला अरुंद बोळ, आणि त्या बोळातून आपल्या कामाला निघालेला बिबट्या. कॅमेऱ्याच्या आवाजाकडे त्याने क्षणभर बघितलंय, तेवढंच. तो चौकटीत मोठा नाही. आधी घरं दिसतात, भिंती दिसतात, मग तो दिसतो. फ्लॅश लावले होते, पण उजेड त्या बोळातल्या रोजच्या दिव्यांसारखाच पडेल असे. मी पंधरा वर्षं मंडपात फ्लॅश मारतोय, म्हणून मला याची किंमत कळते. फ्लॅश आहे आणि तरी तो आहे असं कळत नाही, हे अतिशय अवघड काम आहे. असा फोटो मिळायला त्यांना चार महिने लागले.

मग मी खालची बारीक ओळ वाचली. निकॉन डी ७०००, १८-१०५ लेन्स. मी उठलो आणि कपाट उघडलं. तीच बॉडी आणि तीच लेन्स माझ्या कपाटात होती. २०११ साली घेतलेली, पहिल्या शंभर-सव्वाशे लग्नांची हळद आणि अक्षता झेललेली. बॉडीबरोबर किटमध्ये येणारी साधी लेन्स ती. त्या रात्री मी बराच वेळ तो कॅमेरा हातात घेऊन बसलो होतो. फोटोच्या माहितीत आणखी एक गोष्ट होती: वारली लोकांना त्यांनी आधी आपला बेत पटवून दिला, मग बिबट्या कुठून येतो-जातो हे त्याच लोकांनी सांगितलं आणि सामानावर लक्षही ठेवलं. बारीक ओळीत हे छापत नाहीत, पण फोटो उभा आहे तो याच्यावर.

तेव्हापासून मी दरवर्षी ती ओळ नेमाने वाचत आलोय. २०२० चा सर्वोच्च पुरस्कार सर्गेई गोर्शकोव्ह यांच्या ‘द एम्ब्रेस’ला मिळाला. रशियाच्या अतिपूर्वेला, लँड ऑफ द लेपर्ड राष्ट्रीय उद्यानात, एक वाघीण जुन्या झाडाला मिठी मारून उभी आहे, गाल खोडाला लावलेला, आपला वास त्याच्यावर सोडते आहे. तिरप्या उन्हात तिच्या पाठीचे पट्टे आणि झाडाची साल एकमेकांत मिसळून गेल्यासारखी दिसतात. लेन्स कुठली? ५० एमएम. म्हणजे जी आम्ही बाळांच्या फोटोला लावतो ती. कॅमेरा झाडासमोर बसवून ठेवलेला, आणि फोटो मिळायला अकरा महिन्यांच्या वर वाट बघितलेली. २०२५ चा विजेता फोटो नामिबियातल्या कोल्मान्सकोप या ओसाड पडलेल्या खाणीच्या गावातला, तिथल्या मोडक्या घरापाशी आलेल्या तपकिरी तरसाचा. विम फान डेन हीव्हर त्याच्यासाठी दहा वर्षं प्रयत्न करत होते. आपल्या पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरचा भंडारदऱ्याच्या काजव्यांचा फोटो २०२० मध्ये त्याच स्पर्धेत नावाजला गेला. झाडभर लखलखणारे काजवे आणि वर आभाळ. तिथेही लांब लेन्सचा काही संबंध नाही.

मोठी लेन्स एका फोटोखाली दिसली, २०१९ च्या. चीनचे योंगचिंग बाओ. तिबेटच्या पठारावरचा कोल्हा आणि नुकताच लांब झोपेतून उठून बाहेर आलेला मार्मोट. मार्मोट एका पायावर, तोंड उघडं, जागच्या जागी थिजलेला. ती लेन्स ८०० एमएम, एफ ५.६.

२०२५ चा फोटो अर्थात नंतरचा, पण बाकी सगळं वाचूनही मी २०२१ च्या दिवाळीनंतर २००-५०० घेतली. का घेतली, ते सांगतो.

खानोलकरांचा बिबट्या कॅमेऱ्यापाशी चालत आला. वाघीण झाडापाशी आली. जिथे प्राणी आपल्या वाटेने येतो तिथे कॅमेरा ठेवून वाट बघता येते. आमच्याकडे पाणी आहे. उजनी धरण झालं १९८० साली, भीमा अडली आणि काठची गावं पाण्याखाली गेली. माझ्या आजीचं माहेर त्यातच गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा ती लहानपणी आम्हाला काठावरून दाखवायची. आता त्याच उथळ पाण्यात आणि गाळात रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, चित्रबलाक येतात, पट्टेरी हंस येतात. तिथे तिवई कुठे रोवणार? होडी जवळ नेली की थवा उठतो. रोहित लांब पाय टाकत पाण्यावरून धावतो आणि मग हवेत जातो. दिसायला फार सुंदर दिसतं, पण तो मान उलटी करून गाळातून जे वेचत होता ते खाणं आपण मोडलेलं असतं. दिवसाला तीस होड्या आणि प्रत्येक होडीने एकदा उठवायचं ठरवलं तर त्याने खायचं कधी? माझ्याकडे तेव्हा लग्नाची ७०-२०० होती. तिने फोटो मिळवायचा तर होडी जवळ न्यावी लागायची, आणि ते मला पटत नव्हतं. लांब थांबून काम होईल अशी लेन्स मला हवी होती. मी ती एवढ्याचसाठी घेतली.

घेतली सेकंड हँड. पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांनी दोन वर्षं वापरलेली, बासष्ट हजारांना. खोका, हूड, तिवईला जोडायची कॉलर सगळं होतं. बॉडी डी ५००, तीही वापरलेली. या बॉडीचा सेन्सर लहान, त्यामुळे ५०० वर दृश्य साडेसातशेइतकं जवळ येतं. हिशेबाने सांगतो: साठ मीटरवर उभा असलेला रोहित चौकटीची साधारण दोन तृतीयांश उंची भरतो. साठ मीटरवर होडी थांबली तर सकाळच्या शांत वेळी थवा चरत राहतो, असा माझा अनुभव आहे. या एका गोष्टीने माझे पैसे वसूल झाले.

आता हातातलं बोलू. कॉलरसकट वजन २.३ किलो. बॉडी लावली की सव्वातीन किलोच्या आसपास. मंडपात पाच तास कॅमेरा धरणाऱ्या माणसालाही पहिल्या आठवड्यात खांदा जाणवला. होडीत तिवई लावू नका, प्रत्येक हेलकावा तिवईतून थेट लेन्सला जातो. माझ्या बायकोने जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही टोकं शिवून, त्यात दोन किलो तांदूळ भरून पिशवी करून दिली. ती होडीच्या काठावर ठेवायची, तिच्यावर लेन्स टेकवायची आणि आपण खाली फळीवर बसायचं. बसल्यामुळे लेन्स पाण्याच्या जवळ येते, पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत येते, आणि मागचा काठ विरघळून जातो. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी पाण्याला चिकटवल्यासारखा दिसतो. बाजारात मिळणाऱ्या तयार पिशव्याही चांगल्या असतील, पण तांदूळ आमच्या घरात होताच.

झूमची रिंग लांब फिरते. २०० पासून ५०० पर्यंत मनगटाच्या एका वळणात जाता येत नाही, मध्ये पकड सोडून पुन्हा धरावी लागते. लग्नवाल्या हाताला हे जड जातं, कारण आम्हाला सारखं मागेपुढे करायची सवय. पहिल्या वर्षी एका सकाळी रोहितांचा थवा आपणहून आमच्याकडे वळला. मी ५०० वर होतो. मागे येईपर्यंत थवा डोक्यावरून गेला, आणि फाइलींमध्ये नुसते कापलेले पंख. त्यानंतर मी शिस्त लावून घेतली: होडी चालू असेल तेव्हा ३०० वर, थांबली की ५०० वर. झूम करताना नळी पुढे येते आणि तोल पुढे जातो, तेव्हा डावा हात हूडच्या मागे सरकवायचा. चार दिवसांत जमतं.

स्पष्टतेबद्दल सगळे विचारतात. ५०० वर, पूर्ण उघड्या ५.६ वर ही लेन्स मनमोकळं काम करते. मी ८ वर सहसा जातच नाही. पंखांच्या कडा, चोचीवरचे ओरखडे, डोळ्यातलं आकाशाचं प्रतिबिंब, सगळं येतं. बारा बाय अठराची प्रिंट मी माझ्याच मशीनवर काढतो, तिच्यावर भिंग ठेवून बघावं इतकं येतं.

पण पहिल्या हिवाळ्यात माझी खात्री झाली होती की लेन्स बिघडलेली आहे. सकाळी सातचे फोटो चोख आणि साडेनऊनंतरचे पिठूळ. फोकस जागेवर, शटर वेगाचं, तरी सगळं मऊ. मी बॉडीत फोकसची बारीक दुरुस्ती करून बघितली, अजून बिघडलं. शेवटी पुण्याला एका दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, दहा मीटरवरून पाच फोटो काढले, पडद्यावर मोठे करून दाखवले. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मग त्यांनी विचारलं, “किती लांबचे पक्षी काढता? किती वाजता?” मी सांगितलं. ते म्हणाले, “अहो, मग लेन्स काय करेल? ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. तव्यावरून पलीकडचं बघितल्यासारखं. तेवढी सगळी थरथरती हवा म्हणजे लेन्सपुढे लावलेली आणखी एक वाकडी काचच.” पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी पहाटे साडेपाचला निघतो आणि नऊला होडी परत फिरवतो. नऊनंतर फक्त वीस-पंचवीस मीटरच्या आतलं काढतो. ज्यांना लांब लेन्स घेऊन फोटो मऊ येतात, त्यांनी विकायच्या आधी एकदा सकाळी सातला काढून बघावेत.

उजेडाची गोष्ट मात्र खरी अडचणीची आहे. जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर. सगळ्यात गोड वेळ त्याच्या आसपासची, आणि तेव्हा ५.६ कमी पडतं. मला १/८०० शटर हवं असेल तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची ताकद, ३२०० च्या खाली येत नाही, आणि डी ५०० वर ३२०० ला सावलीत दाणे दिसतात. पुरस्कारवाल्या ८०० एमएमलाही ५.६ च आहे, मग फरक काय, असं मला एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. साधा भागाकार आहे. ५०० ला ५.६ ने भागलं की ८९ येतात, ८०० ला भागलं की १४३. एवढ्या मिलिमीटरचं तोंड उजेडाला उघडं असतं. सेन्सरवर उजेडाचा जोर तेवढाच पडतो, पण त्याच पक्ष्याकडून गोळा होणारा उजेड मोठ्या तोंडात अडीचपटीपेक्षा जास्त, म्हणून पक्षी मोठाही येतो आणि साफही येतो. त्या मोठ्या काचेचेच लाखो रुपये असतात. आपल्या लेन्सचा फिल्टर ९५ एमएमचा का, तेही यातच कळतं.

फोकसचा वेग लग्नाच्या ७०-२०० इतका नाही. पक्षी जवळून एकदम लांब गेला तर लेन्स सगळा प्रवास करून परत येते. त्यावर बाजूचं बटण आहे, ते ६ मीटर ते अनंतवर ठेवलं की प्रवास कमी होतो. मी ते कायम तसंच ठेवतो. कंप थांबवणारी व्हीआर फार चांगली आहे, निकॉन साडेचार स्टॉप सांगते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट सावकाश ठेवता येणं). तिने माझ्या हाताचा थरथराट जातो, पक्ष्याचा जात नाही, हे नवीन मुलांना समजवावं लागतं. होडीत मी स्पोर्ट मोड वापरतो, कारण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारत नाही आणि पक्ष्यामागे लेन्स फिरवताना डोळा शांत राहतो.

एक फोटो सविस्तर सांगतो. गेल्या माघातला. कुंभारगावच्या काठापासून थोडं आत, जाळ्यासाठी रोवलेला एक बांबू आहे. आमचे नावाडी मामा पाच वर्षं मला म्हणत होते, “रोहिताच्या मागं काय पळताय, कवड्याला बघा की.” कवड्या खंड्या, काळा-पांढरा. त्या बांबूवर तो रोज सूर्य वर आल्यावर येतो, मामांना वेळ पाठ होती. मी सलग सहा सकाळी गेलो. पहिल्या दोन दिवशी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बघितलं. तो बांबूवरून उठतो, पाण्यावर सात-आठ हात उंच एका जागी थांबतो, पंख इतक्या जोरात की दिसत नाहीत आणि डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं स्थिर. चोच खाली. मग दगडासारखा पडतो. परत आला की बांबूवर मासा दोनदा आपटतो आणि डोक्याकडून गिळतो. दर वेळी बांबूच्या उजव्या बाजूनेच वर येतो, कारण डावीकडे जाळ्याची दोरी आहे.

सहाव्या सकाळी होडी पंधरा मीटरवर, वारा नाही. या अंतरावर ५०० एमएमची चौकट सत्तर सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे पक्षी पंखांसकट नेमका मावतो. शटर १/३२००. तो उजवीकडून वर आला. फोटोत छातीवर दोन काळे पट्टे स्वच्छ आहेत, म्हणजे नर. चोचीत आडवं धरलेलं बोटभर चिलापीचं पिल्लू, त्याच्या पाठीवरचा काटेरी पर उभा राहिलेला, आणि माशाच्या डोळ्यात उगवतीचा ठिपका. डोक्यावरची पिसं ओली होऊन काट्यांसारखी चिकटलेली. शेपटीच्या टोकापासून पाण्यापर्यंत थेंबांची एक तिरपी माळ, त्यातले पहिले चार थेंब गोल आणि पुढचे लांबट. ती माळ मी डोळ्यांनी पाहिली नव्हती, घरी पडद्यावर पाहिली. मामांना मी हीच प्रिंट फ्रेम करून दिली. त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, “दोरी पण आलीय बघा कडंला.” आली होती. मी ती पुसलेली नाही.

हे पुरस्काराच्या पंगतीतलं काम नाही, मला माहीत आहे. पण अकरा महिने, चार महिने हे आकडे मी आधी नुसते वाचत होतो. सहा सकाळींनंतर ते आकडे मला कळले.

आणि म्हणूनच शेवेचा विषय काढतो. आमच्याकडे येणारे काही लोक होडीतून शेव-गाठी उधळतात. कुरव (गल) पक्ष्यांचा गोंधळ होऊन ते होडीभोवती घिरट्या घालतात आणि मोबाइलवरसुद्धा उडत्या पक्ष्याचे फोटो मिळतात. तळलेलं, मीठ-मसाल्याचं खाणं त्या पक्ष्यांच्या पोटात घालायचं आणि त्याला वन्यजीव छायाचित्रण म्हणायचं, याचा मला मनापासून त्रास होतो. लंडनच्या त्या स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही, निवड होताना कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली रॉ फाइल मागतात. २००९ चा विजेता फोटो होता फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. तो लांडगा बहुधा पाळलेला, शिकवलेला होता असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१० च्या सुरुवातीला पुरस्कार काढून घेतला. फोटो तोच होता, एक ठिपका बदलला नव्हता. तरी काढून घेतला. मला तो निर्णय फार मोठा वाटतो. लांब लेन्स घेऊन जो माणूस शेव उधळतो, त्याने लेन्सवर घातलेले पैसे वाया घालवले.

आता कुणी घ्यावी. निकॉनची डीएसएलआर असेल, पक्षी आवडत असतील आणि लाखोंचं बजेट नसेल, तर डोळे झाकून घ्या. डी ८०, डी ९०, डी २०० अशा जुन्या बॉडी असतील तर घेऊ नका, या लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं आणि त्या बॉडींवर ते लहान करता येत नाही. झेड मालिकेच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावून चालते, पण नवीन सुरुवात करत असाल तर २०२३ मध्ये आलेली १८०-६०० बघा, तिची नळी बाहेर येत नाही आणि रिंग छोट्या वळणात फिरते. जंगलात चालत फिरणाऱ्यांना, खांदा दुखणाऱ्यांना ५०० ची पीएफ लेन्स, दीड किलोच्या आतली; मात्र ती झूम नाही. ताडोबाच्या जिप्सीत मला २००-५०० चीच सोय वाटली, कारण वाघ कधी ऐंशी मीटरवर असतो आणि कधी एकदम रस्त्यावर.

लोक मिररलेसकडे वळताहेत, त्यामुळे वापरलेल्या भरपूर येतात. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेत बघा, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. नळी पूर्ण बाहेर काढून हलकेच हलवा. शटर अर्धं दाबून कान लावा, व्हीआरचा बारीक आवाज येऊन चित्र स्थिर व्हायला हवं. ५.६, ८, ११ आणि १६ वर एकेक फोटो काढून उजेड सारखा येतो का बघा. आणि भिंतीवर वर्तमानपत्र लावा. पावसाळ्यात मी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पुड्या दर महिन्याला तव्यावर भाजून घेतो. चार पावसाळे झाले, काच स्वच्छ आहे.

कुणाला घेण्याआधी हातात धरून बघायची असेल तर पौषात भिगवणला या. पहाटे साडेपाचला काठावर या, बॉडी तुमची आणा, लेन्स माझी लावा, आणि नऊपर्यंत मनसोक्त काढा. मामा आधी कवड्याच्या बांबूपाशी नेतील. होडीत बसताना खिसे रिकामे करायचे, शेवेचं पाकीट काठावर ठेवायचं.